बेकरीवाल्याची बायको

लिफ्ट अडकली तेव्हा तिच्याजवळ दोन बॅगा होत्या, एक ओली छत्री होती, आणि बोलायला म्हणून कुणी हवं तर समोरचा आरसा होता.

परदेशातला हा तिचा पहिलाच तास. विमान वेळेवर, सामान वेळेवर, टॅक्सीवाला भला माणूस. इतकं सगळं सुरळीत झालं की तिला मनातून भीतीच वाटायला लागली होती, आणि आता वसतिगृहाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ती भीती खरी होऊन लटकत होती. तिनं घंटेचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग आपण फारच त्रास देतोय की काय असं वाटून तिसऱ्यांदा अगदी हळूच दाबलं.

वर पावलं वाजली. कुणीतरी इंग्रजीत विचारलं, आत कोणी आहे का? तिनं इंग्रजीतच सांगितलं, आहे. आणि मग तो वरचा आवाज स्वतःशीच पुटपुटला,

"च्यायला, हिलाही आजच अडकायचं होतं."

"मला नव्हतं हो अडकायचं," ती आतून म्हणाली. "लिफ्टला होतं."

वर काहीतरी खणकन खाली पडलं.

"तुम्ही... मराठी?"

"आहे. पण आधी बाहेर काढा, मग बोलू."

"घाबरू नका."

"मी कुठे घाबरलेय?"

"मग दाराला धडका कोण देतंय?"

"...बॅग."

तो हसला. दाराआडून आलेलं ते हसू तिला अंधारात कुणी दिवा लावल्यासारखं वाटलं. "दार ओढू नका," तो म्हणाला. "मागच्या भिंतीला टेका. आता एक हलका झटका बसेल, तो माझा समजा, लिफ्टचा नाही." झटका बसला. कुठेतरी काहीतरी फिरलं, करकरलं, आणि दार हातभर उघडलं. लिफ्ट मजल्याच्या खाली राहिली होती, म्हणून तिला आधी दिसले ते काळे बूट. मग गुडघे. मग खाली आलेला एक हात, आणि त्या हातामागून वाकून बघणारा चेहरा... कपाळावर ओले केस, आणि डोळ्यांत इतका संकोच, की हाच माणूस आत्ता एवढं बोलत होता यावर विश्वास बसू नये.

"तुम्ही इथले लिफ्टवाले का?" वर आल्यावर तिनं विचारलं.

"लिफ्टवाला आहे," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "इथला नाही."

बस्स. दोन्ही बॅगा तिच्या खोलीच्या दारात ठेवून गडी पसार. दाराआड बोलका, समोर आला की मुका! आणि या सगळ्या गडबडीत त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

तर, ती इथे आली कशी, ते सांगायला हवं. तिचं काम कृत्रिम पाय बसवायचं. माणसाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून नवा पाय घडवायचा, आणि मग दोन समांतर दांड्यांच्या मधून त्याला पुन्हा चालायला शिकवायचं. तिच्या संस्थेला इंडोनेशियन बोलणाऱ्या मुलखात नवं केंद्र उघडायचं होतं. पाय कुठे टोचतो, कुठे घासतो, कुठे नुसता दाबतो, हे ज्याला त्याच्या भाषेत विचारता येत नाही त्याने पाय बसवू नये, असं साहेबांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. म्हणून आधी या तिसऱ्याच देशातल्या शाळेत भाषेचा छोटा पण दमछाक करणारा वर्ग, आणि शेवटच्या परीक्षेत पास झालं तरच पुढचं जाणं.

साहेबांनी विचारलं तेव्हा ती नेहमीसारखं म्हणाली, "कुणालाही पाठवा, मला चालेल." ऑफिसात तिचं नावच चालेलताई. कुणी तिचा डबा खाल्ला तरी चालेल, कुणी तिची रजा घेतली तरी चालेल. शेवटी वहिनीनं परस्पर साहेबांना फोन लावला. "तिलाच पाठवा. आईंचं मी बघते. ही जन्मभर दुसऱ्यांना चालायला शिकवणार आणि स्वतः एका जागी उभी राहणार की काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात पाऊल टाकलं तर खिडकीपाशी तो. लिफ्टवाला. तिला बघून त्याचे कान लाल झाले. तिनं आभार मानायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बाई आल्या.

बाई म्हणजे एवढ्याशा, पांढऱ्या केसांच्या, पण आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. त्यांनी वर्गाचा नियम इंग्रजीत एकदाच सांगितला आणि मग इंग्रजी जी कपाटात ठेवली ती ठेवलीच.

नियम साधा होता. इथे फक्त इंडोनेशियन बोलायचं. वर्गात, जिन्यात, जेवणघरात, सगळीकडे. आणि इथे खरं बोलायचं नाही.

"तुम्ही आपापल्या भाषेत हुशार माणसं," बाई म्हणाल्या. "इथे तुम्ही दोन वर्षांच्या पोरासारखे बोलाल आणि तुम्हाला लाज वाटेल. लाजणारा माणूस भाषा शिकत नाही. म्हणून त्या माणसाला बाहेर ठेवा. मी तुम्हाला नवा जन्म देते. शिवाय खरं सांगायचं तर शब्द कमी पडतात. खोटं मात्र आहेत तेवढ्याच शब्दांत बेतता येतं." ज्यानं आपली भाषा किंवा आपलं खरं आयुष्य दोनदा बोलून दाखवलं त्यानं बॅग भरायची. घरी फोन करायला तेवढी रविवारची सकाळ मोकळी.

मग एक टोपली फिरली. डोळे मिटून हात घालायचा, जी वस्तू येईल तो जन्म. तिच्या हाती कात्री आली.

"न्हावी," बाईंनी जाहीर केलं. "एकटी राहते. तापट. भयंकर तापट."

तिनं मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला तर सांगत नाहीत?

शेजारी एक आजी बसल्या होत्या. मुलगा परक्या मुलखात संसार थाटून बसलेला, सून तिकडची, आणि नातीशी बोलता यावं म्हणून या वयात वही-पेन घेऊन शाळेत आलेल्या, हे नंतर कळलं. आजींच्या हाती काळी पट्टी आली, एका डोळ्यावर बांधायची. "चोर," बाई म्हणाल्या. "आता सोडून दिलंय." आजी पट्टी बांधून आरशात बघत राहिल्या आणि त्यांना नुकताच शिकवलेला एक शब्द म्हणाल्या, "बहुतेक!"

आणि लिफ्टवाल्याच्या हाती लाकडी पळी. "बेकरीवाला. अखंड बडबड्या. बायको आहे. चार मुली आहेत."

सगळा वर्ग हसला. कान तर लाल होतेच, आता मानसुद्धा झाली. बाईंनी जोड्या लावल्या. न्हावी आणि बेकरीवाला एका बाकावर.

पहिले काही दिवस म्हणजे नुसता गोंधळ. पण हळूहळू एक गंमत व्हायला लागली.

"तुमचे केस वाईट आहेत," ती म्हणायची.

"तुमची कात्री वाईट आहे."

"माझी कात्री चांगली आहे. तुमचं डोकं वाईट आहे."

"माझं डोकं गोल आहे. पाव गोल आहे. तुम्हाला गोल आवडत नाही?"

"मला तुम्ही आवडत नाही!"

"का? मी पाव देतो. फुकट देतो."

"तुमचा पाव दगड आहे. मी त्यानं चोर मारीन."

"मला का?" पलीकडच्या बाकावरून आजी ओरडायच्या.

अशी ती बालवाडीतल्या पोरांसारखी भांडणं. पण आयुष्यात कधी कुणाला 'नाही' न म्हणालेल्या तिला त्या भांडणांची अशी काही चव लागली की विचारू नका. सकाळी उठल्यावर ती आरशासमोर नवे अपमान घोकायची. आणि तो! लिफ्टच्या दारात चार शब्दांपुढे न गेलेला तो, पळी हातात आली की धबधबा. चार मुलींपैकी एक गाते, एक रडते, एक सगळं खाते आणि एक कायम हरवते. आज तिला पिठाच्या पोत्यात शोधली, काल भट्टीमागे.

आणि बायको. बोलताबोलता तो बायकोवर यायचाच.

"माझी बायको हळू बोलते," तो सांगायचा. "पण सगळे तिचं ऐकतात."

"तुम्ही ऐकता?"

"मी पाहतो."

किंवा, "माझी बायको पावाचा करपलेला कोपरा स्वतः घेते. म्हणते, मला हाच आवडतो."

यात काय एवढं, ती मनात म्हणायची, तसं तर सगळ्याच बायका करतात.

किंवा, "माझी सासू म्हातारी आहे. चढावर दमते. मग माझी बायको मध्येच थांबते आणि दुकानाच्या काचेत बघते. तिला काही घ्यायचं नसतं. सासूला वाटतं, हिलाच हौस."

ते तो सांगत होता तेव्हा सगळे शाळेमागचा चढ चढत होते. आजी धापा टाकत मागे राहिल्या होत्या, आणि ती खाली दिसणारी छपरं बघायला कठड्याशी उभी राहिली होती. भुरभुर पाऊस होता. आजी येऊन टेकल्या तशी ती पुन्हा चालायला लागली. "तुमची बायको चांगली आहे," ती म्हणाली. न्हाव्यानं खरं तर काहीतरी खवचट बोलायला हवं होतं, पण सुचलंच नाही.

"हो," तो म्हणाला. आणि बडबड्या बेकरीवाला पूर्ण चढ संपेपर्यंत गप्प.

त्या दिवसापासून तिचं काहीतरी बिघडलं.

पावलांवरून माणूस ओळखायची तिला धंद्याची सवय. आता व्हरांड्यात त्याचं पाऊल वाजलं, डाव्यावर किंचित कमी भार टाकणारं, की पुस्तकातली ओळ सुटायची. तो यायचा, बाक जरासा हलायचा, ओल्या कोटाचा आणि साबणाचा वास यायचा. तो तिच्यापुढून शब्दकोश घ्यायला हात लांब करायचा आणि तिच्या बाहीला स्पर्श होऊ नये म्हणून तो हात असा वळवायचा की... की झाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. वाटलं की ती स्वतःवर चिडायची. चिडली की भांडायची. भांडली की तो हसायचा. आणि तो हसला की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पण बायकोचं काय?

खोटं बोलणारा माणूस मोठमोठं बोलतो, असा तिचा हिशेब. माझी बायको सुंदर, माझी बायको अन्नपूर्णा, असं काहीतरी. हा तर बारीकसारीक सांगायचा. "माझी बायको पाणी प्यायच्या आधी फुंकर मारते. गार पाण्यावरसुद्धा." हे ऐकून ती खळखळून हसली होती, "वेडी आहे का तुमची बायको?" आणि मग त्या रात्री अंथरुणात तिला हसू आलं नाही. असली गोष्ट कुणी बेतून सांगतं का? ती कुणाची तरी असते. कुणीतरी रोज समोर बसून पाणी पीत असतं, आणि कुणीतरी ते रोज जीव लावून बघत असतं. बाईंनी हाती दिलेला खोटा जन्म या माणसाला बरोबर मापाचा बसला होता, एवढंच. घरी खरीखुरी बायको असणार, आणि तिच्या आठवणीनं हा बोलका होत असणार.

विचारावं, तर नियम. आणि परीक्षा. आणि समजा विचारलं आणि तो हो म्हणाला, तर मग उरलेले दिवस त्या बाकावर बसायचं कसं?

रविवारी सकाळी तिनं फोन लावला.

"वहिनी, एखाद्याला चार मुली आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं गं?"

"मोजून," वहिनी म्हणाली. "का? काय झालं?"

"काही नाही. शब्द पाठ करत होते."

"असले शब्द शिकवतात होय तिकडे?" वहिनीला हिच्या गप्प बसण्यातले सगळे प्रकार माहीत होते. "हे बघ, ज्याच्या कुणाच्या मुली असतील नाहीतर नसतील, त्याला सरळ विचार."

"विचारायचं नाही असा नियम आहे."

"कसली मेली शाळा!" वहिनी म्हणाली. "बरं, आई छान आहेत. काल स्वतः उठून दारापर्यंत गेल्या. तू इकडची काळजी करू नकोस. आणि जेव नीट."

फोन ठेवल्यावर तिचे डोळे भरून आले. वहिनीनं स्वतःचं घर, नोकरी, दादाची फिरती, सगळं सांभाळून आजारी आईचा भार उचलला होता, आणि वर 'जेव नीट' हेही तीच सांगत होती. घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. मानले तर वहिनी म्हणेल, ताप आलाय का तुला? त्यामुळे ते सगळं साठून राहिलं होतं. तिथलंही, आणि लिफ्टच्या दारातलंही.

तिनं ठरवलं, आता पुरे. अभ्यास करायचा, पास व्हायचं, निघायचं. दुसऱ्या दिवशी बाकावर तिनं मधोमध पुस्तकांची भिंत रचली.

"आज तुम्ही भांडत नाही," तो म्हणाला.

"तुमच्या बायकोशी भांडा."

"मी तिच्याशी बोललेलोच नाही."

तिनं मान वर केली. त्याच्या हातात पळी होती, पण तो ती नुसती फिरवत होता. "म्हणजे?"

"पुष्कळ दिवस झाले. मला तिच्याशी बोलायचं आहे. बोलता येत नाही." परक्या भाषेतले ते शब्द एकेक करून, जपून, टेबलावर मांडल्यासारखे आले. "ती रागावेल... बहुतेक."

झालं. म्हणजे बायको खरीच होती, आणि घरात अबोला होता. पण ती पडली चालेलताई. समोरच्याला कुठे टोचतंय ते विचारणं हा तिचा धंदाच. तिनं पुस्तकांची भिंत एका हातानं बाजूला केली.

"ती रागावणार नाही," ती म्हणाली. "जी बाई करपलेला पाव घेते ती रागवत नाही. बोला. छोटं बोला. पण खरं बोला."

तो तिच्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच, जमिनीकडे न बघता. "परीक्षा झाली की बोलतो," तो म्हणाला. "तेरिमा कासिह."

आभार मानले त्यानं तिचे. तिच्या शहाणपणाचे! ती खोलीवर आली आणि उशीत तोंड खुपसून चांगली रडली. आणि रडताना तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, की त्याच्यावर राग कसा येत नाही. उलट बरं वाटत होतं की असा बघणारा माणूस जगात आहे. आपल्याला नाही तर नाही, कुणाला तरी मिळालाय.

परीक्षेच्या दिवशी बाक भिंतीला लावले होते आणि मधे एक टेबल, त्यावर पाण्याचा पेला. प्रत्येकानं उभं राहून आपल्या जोडीदाराच्या घरातल्या एका माणसाबद्दल सांगायचं, ही परीक्षा. आपण काय बोललो त्यापेक्षा दुसऱ्याचं काय ऐकलं, ते बाईंना बघायचं होतं. आजींनी आपल्या जोडीदाराच्या खोट्या भावाबद्दल इतकं रंगवून सांगितलं की बाईंनाच डोळे पुसावे लागले.

मग तिचा नंबर. "बेकरीवाल्याची बायको," बाई म्हणाल्या.

नकार देणं शक्य नव्हतं. आणि उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला नकार द्यायचाही नाही. त्या न पाहिलेल्या बाईबद्दल तिच्या मनात असूया होती, खोटं कशाला बोला. पण माया त्याहून जास्त होती. आज तिच्याबद्दल सांगायचं तर नीट सांगू. हातचं राखून नको.

"ती हळू बोलते," तिनं सुरुवात केली. "पण सगळे तिचं ऐकतात. ती करपलेला कोपरा घेते. ती म्हाताऱ्या माणसासाठी थांबते, पण थांबले असं म्हणत नाही. तिला अवघड शब्द आला की ती कानामागे पेन्सिल खोवते आणि मग सगळीकडे पेन्सिल शोधते." शब्द आपोआप येत होते, एकातून एक. "ती माणसाच्या तोंडाकडे नंतर बघते. आधी त्याच्या पायांकडे बघते. तिचा नवरा म्हणतो, का ते मला माहीत नाही, पण ती पायांकडे बघते तेव्हा मला वाटतं की आता कुणीतरी मला पडू देणार नाही..."

इथे ती जराशी अडखळली. हे त्यानं परवाच सांगितलं होतं आणि ती तेव्हा रडू आवरण्यात गुंतली होती. आत्ता स्वतःच्या तोंडून ऐकताना ते कसंतरीच वाटलं, दुसऱ्याच्या घरात शिरावं आणि भिंतीवर आपलाच फोटो दिसावा तसं. घसा कोरडा पडला. "आणि ती," ती कसंबसं म्हणाली, "पाणी प्यायच्या आधी..."

तिनं पेला उचलला. ओठांशी नेला. आणि गार पाण्यावर हलकेच फुंकर मारली.

तिचा हात पेल्यासकट हवेतच राहिला.

मग आजींना हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं, मग टेबलावर थापा मारत. "मी चोर आहे," आजी त्यांच्या मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमध्ये म्हणाल्या, "मी पहिल्या आठवड्यात पाहिलं! न्हावी काही पाहत नाही!"

तिनं कानामागे हात नेला. पेन्सिल होती.

सगळ्या वर्गाला रोज दिसत होता तो तापट न्हावी. ओरडणारा, कात्री परजणारा. पण त्या सोंगाखाली चुपचाप बसलेली जी, ऑफिसातली, घरातली, कुणाच्या नजरेत न भरणारी, तिला एकजण रोज बघत होता. आणि रोज तिचंच वर्णन तिलाच ऐकवत होता, आणि ती शहाणी त्या बाईचा हेवा करत होती.

बाईंनी चष्मा काढला. "वर्णन चांगलं. एक राहिलं. ती दिसते कशी?"

"ते मला... त्यांनी सांगितलं नाही."

"बेकरीवाले, सांगा."

तो उठला. पळी बाकावरच राहिली. "आत्ता?" तो म्हणाला. "आत्ता ती फार लाल झाली आहे."

त्यानंतर वर्गात जे काही झालं त्यातलं तिला फारसं आठवत नाही. टाळ्या झाल्या, आजींनी तिला मिठी मारली, बाईंनी पास झालेल्यांशी हात मिळवला. तिचा हात हातात घेऊन बाई म्हणाल्या, "खरं बोलायचं नाही हा माझा नियम होता. त्यानं फार हुशारीनं मोडला. पण मी तेव्हा नेमकी खिडकीबाहेर बघत होते, काय करणार?" तिनं त्या एवढ्याशा बाईंचे आभार मानले, आहेत तेवढ्या सगळ्या शब्दांत, आणि शब्द संपल्यावर नुसता हात धरून.

बाहेर आली तर तो जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा. पाऊस थांबला होता. रस्ता धुतल्यासारखा चकचकीत होता, आणि समोरचा दुकानदार छपरावरचं पाणी काठीनं खाली ढकलत होता.

"शाळा सुटली," ती म्हणाली. मराठीत. आपलाच आवाज तिला नवा वाटला. "आता बोला."

"हो," तो म्हणाला.

"हो काय?"

"नाही, म्हणजे... हो." त्यानं बुटाकडे बघितलं, दुकानदाराकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. "मराठीत जमत नाही हो मला. मराठीत मागे लपायला काही नसतं."

"लिफ्टचं दार आणू का?"

तो हसला, तेच हसू, पण या वेळी मध्ये दार नव्हतं. तिला एकाएकी धीर आला. न्हाव्याची सगळी हिंमत गोळा करून तिनं विचारलं, "लग्न झालंय तुमचं?"

त्यानं उत्तर मात्र त्याच भाषेत दिलं, जिनं त्यांना एका बाकावर बसवलं होतं. "बेलुम."

त्या भाषेत या प्रश्नाला कुणी सरळ नाही म्हणत नाही. बेलुम म्हणजे अजून नाही. व्हायचंय.

"आणि चार मुली?"

"त्याही बेलुम."

ती इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. मग तिनंच सांगितलं, आपण न्हावी नाही, तापटही नाही, पाय बसवतो माणसांचे, म्हणून सवयीनं पायांकडे बघतो. "तुमच्या डाव्या घोट्याला कधीतरी लागलेलं आहे," ती म्हणाली. "डावा बूट बाहेरून झिजतो. दार उघडलंत ना त्या दिवशी, तेव्हाच दिसलं होतं."

"शिकाऊ होतो, शिडीवरून पडलो होतो." तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्हीही... बघत होता?"

"ऐकत होते. व्हरांड्यात." ती एक पायरी खाली उतरली. "आणि एक राहिलंय. त्या दिवशी तुम्ही मला बाहेर काढलंत आणि मी आभारच मानले नाहीत. तेव्हापासून रोज मानायचे होते. लिफ्टचे. आणि मग बाकीच्याचेही. मला कुणी असं... इतकं बघेल असं मला कधी वाटलं नव्हतं."

त्याला पुष्कळ बोलायचं असावं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मला बोलायला लागतो वेळ. पण मलाही लिफ्टच्या कामावर तिकडेच जायचंय, मी थांबेन. तुमचं गाव वेगळं, माझं वेगळं, पण मध्ये बोट असते. मी शाळेच्या ऑफिसात चौकशी केलीये."

"कधी केलीत?"

"दुसऱ्या आठवड्यात," तो म्हणाला, आणि कान पुन्हा लाल.

तिनं फोन काढला. रविवार नव्हता, पण आता वार बघायचं कारण उरलं नव्हतं. पलीकडे कुकरची शिट्टी, आणि वहिनी.

"काय गं, आज मधेच? पास झालीस ना?"

"झाले. वहिनी..." आणि मग साठलेलं सगळं एकदम वर आलं. "वहिनी, तू मला पाठवलंस. मी आले नसते. तुझे किती..."

"अगं, रडतेस काय? ताप आलाय का तुला?" वहिनी घाबरली. मग तिच्या आवाजात हळूच काहीतरी शिरलं. "हे... हे त्या चार मुलींचं काही आहे का?"

"मुली नाहीत," ती डोळे पुसत म्हणाली. "एकही नाही. मोजल्या."

कुकरचा गॅस बंद झाला. "आहे का तिथे? दे त्याला फोन."

"वहिनी, तो फार बोलत नाही."

"मी बोलते ना. तू दे."

तिनं फोन पुढे केला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, पूजेचं ताट घ्यावं तसा. कानाला लावला. ओठ उघडले, मिटले. पलीकडून वहिनीचा आवाज तिलाही स्पष्ट ऐकू येत होता, "हॅलो? हॅलो? ... अगं, मुका आहे की काय हा?"

त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं. तिनं काही सुचवलं नाही, नुसती मान हलवली. पहिल्यांदा दांड्या सोडून उभं राहणाऱ्या माणसापुढे ती उभी राहते तशी ती उभी राहिली, हात पुढे, पण धरायचं नाही असा.

"वहिनी," तो म्हणाला.

तसं कुणीही कुणालाही वहिनी म्हणतं. भाजीवाला म्हणतो, शेजारी म्हणतात. पण त्याने तो शब्द असा उच्चारला, सावकाश आणि नीट, जणू या घरात आपण आजपासून काय लागतो ते विचारूनच तो दारात उभा आहे. पलीकडे वहिनी, जिला आजवर कुणी गप्प करू शकलं नव्हतं, ती चक्क गप्प झाली.

मग एक हुंदका ऐकू आला, आणि पाठोपाठ वहिनीचा नेहमीचा आवाज,

"हां... बोला, भावजी. ऐकतेय मी."